कितवी

बिस्किटाचा पत्र्याचा डबा. झाकणाला चंदूच्या बापानं
सायकलच्या दुकानातल्या छन्नीनं पाडलेली फट.
भोवती जगाचा नकाशा चिकटवला,
पण डब्याहून जग लांब निघालं,
कडेचे काही देश खळीखाली दबले.
कोणते, ते आम्ही पाहिलं नाही. घाई होती.
संध्याकाळी मंडई, रात्री नाटक.

अकरावीची आम्ही नऊ जणं, डोंगे सरांची परवानगी,
आणि हिरकन्यानं पाठ केलेलं भाषण.
हिशेबाची वही माझ्याकडे, अक्षर बरं म्हणून.
'जगातल्या कोट्यवधी मुली शाळेबाहेर आहेत.'
कोट्यवधीवर ती दरवेळी अडखळायची,
आणि जिलेबीवाल्याचा भोंगा नेमका तेव्हाच वाजायचा.

लोक डबा हलवून पाहायचे.
"कोनती पोरगी? कोन्या गावची?"
"लई दूरची, आजी. समुद्रापल्याडची."
"मंग तिचा बाप काय करते?"
यावर भाषणात काही नव्हतं.
दोन तासांत एकशे चौतीस रुपये
आणि एक न चालणारी चाराणी.

दुसऱ्या अंकानंतर पडदा पडला.
कापलेल्या धानाच्या बांधीत, तणसावर बसलेलं गाव
चहाला उठायच्या आत आम्हाला तीन मिनिटं.
हिरकन्या बोलली. अडखळली.
तेवढ्यात पडदा सारून नायिका बाहेर आली,
वडशाच्या कंपनीची,
गालावर दुसऱ्या अंकाचं रडणं अजून ओलं.
पदराला टाचलेल्या बक्षिसातली पन्नासची नोट
तिनं पिन न उसवता अलगद सोडवली.
मी पेन उघडलं. नाव?
"नाव नोको लिवू. सातवी लिव."
मी लिहिलं: सातवी, पन्नास रुपये.
ती वाकून पाहत राहिली, ओठ हलवत, अक्षर अक्षर,
जसं विंगेतून कोणी हळू सांगतंय.

माइक चालूच होता.
तणसातून एक उठली. "चवथी. धा रुपये."
"तिसरी. मंग माय मेली."
तेही लिहिलं. रकाना अपुरा पडला.
"नववी, अर्धी."
अर्धी कशी लिहायची? साडेआठ लिहिलं.
एक जण म्हणाला, "आमच्या घरच्या बाईची पाचवी,"
तर मागून ती ओरडली,
"सहावी! पास झाली होती मी!"
अख्खी बांधी हसली.

आई रांगेत दिसली तेव्हा मी वहीत पाहत राहिले.
घरी कधी विचारलंच नव्हतं.
"दहावी," ती म्हणाली, "गनित राह्यलं."
वीस रुपये.
मी गणितं सोडवते तेव्हा ती पाठीमागे
हातातलं काम तसंच धरून का उभी राहते,
ते मला तिथं कळलं,
हॅलोजनच्या उजेडात, एवढ्या माणसांसमोर.

सगळ्यात शेवटी तळ्यातले शिंगाडे विकणारी पार्बता.
"शून्य लिव," म्हणाली. "पैसा खपल्यावर."
आणि ओंजळभर उकडलेले शिंगाडे वहीवरच ठेवले.
कोमट पाणी ओघळलं,
वरच्या ओळीतली सातवी जांभळी होऊन पसरली.
तिसरी घंटा झाली.
त्या अंकात नायिका मेली, रोजच्यासारखी.
आम्ही शिंगाडे सोलत पाहत होतो.

सरांनी सोमवारी मोजले. दोन हजार एकशे बावन्न.
"नावाच्या रकान्यात हे काय आकडे?"
मग लाल पेननं शून्याची ओळ खोडली,
शिंगाडे म्हणजे रोख नव्हे.
मी दुसरी वही केली. सगळं उतरवलं.
शून्य, एक ओंजळ, हेही.
डाग तेवढा उतरवता आला नाही.

पैसे बँकेतून गेले, कुठं ते पावतीवर आहे.
रिकाम्या डब्याचा नकाशा चंदूनं नखानं उचकटला,
खालचे देश बघायला.
एकाचं नाव अर्धंच निघालं.
हिरकन्या डबा उजेडाकडे धरून
ते जुळवत बसली, ओठ हलवत.
बस आली तरी उठेना.